डाव्या हाताने उघडणारा चाकू

मोरेश्वरला कुठलीही वस्तू झटकन घेता येत नाही. मिक्सर घ्यायचा तर हा माणूस आधी महिनाभर मिक्सरबद्दल वाचणार, मग दुकानात जाऊन त्याची वायर ओढून बघणार, आणि घरी येऊन म्हणणार, "अजून जरा बघू." लग्नासाठी मुली बघतानाही असंच केलं होतं म्हणे. माझ्या मोठ्या जाऊबाई, सुरेखावहिनी, ते अजून चारचौघांत रंगवून सांगतात आणि मी हसून घेते. तेव्हा हा त्रास मला नवा नाही. पण गेल्या वर्षी जूनमध्ये याने एक घडीचा चाकू घ्यायला काढला आणि माझ्या डोक्याला जो ताप दिला, त्याला तोड नाही.

हो, मी नवऱ्याला नावाने हाक मारते, अरेतुरे करते. चिंचवडला होतो तोपर्यंत 'अहो' होतं. इथे ख्राइस्टचर्चला आलो, ऑफिसातले सगळे त्याला 'मो, मो' करायला लागले, मग मीच काय घोडं मारलंय म्हणून मीही सुरू केलं. आता फार चिडले की तेवढी 'अहो' म्हणते. त्यालाही ते ठाऊक आहे. 'अहो' ऐकलं की तो हातातलं काम खाली ठेवतो.

तर, डिसेंबरात आमच्या ऋचाचं लग्न ठरलं होतं. एकुलती एक मुलगी. ऑकलंडला हेन्डरसनमध्ये राहते, तिथेच कौन्सिलच्या ऑफिसात नोकरी करते. मुलगा, क्षितिज, मूळचा आमच्या चिंचवडचाच. त्याच्या आजीने अंथरूण धरलेलं आणि तिला नातवाच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या, म्हणून लग्न चिंचवडला. हॉल ठरला, गुरुजी ठरले, माझं तिकीट निघालं. मोरेश्वरचं निघेना. मी विषय काढला की म्हणायचा, "हो, आधी हे चाकूचं होऊ दे." मी खुळी. मला वाटायचं, एकदाचा चाकू मिळाला की तिकीटही निघेल. म्हणून मी दर शनिवारी त्याला स्वतःहून दुकानात पिटाळत होते, कधी बरोबरही जात होते.

एका शनिवारची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. हार्डवेअरचं मोठं दुकान, बाहेर सॉसेज भाजायचा खमंग वास, आत माणसांची गर्दी. चाकूंच्या कपाटापुढे आम्ही उभे. चाकू म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. ज्याचं पातं बदलता येतं, जो मिटून खिशात बसतो, खोकी आणि दोऱ्या कापायला लोक वापरतात तो. मोरेश्वरचं म्हणणं असं, की टोकदार चाकू नको, अडचणीच्या जागी तो आपल्याच बरगडीत घुसतो. पातं आखूड हवं, आकडीसारखं वळलेलं बसवता आलं पाहिजे. बोथट झालं तर स्क्रू-ड्रायव्हरशिवाय बदलता आलं पाहिजे. उघडल्यावर खिटी अशी बसली पाहिजे की कापताना बोटांवर मिटणार नाही. आणि मुख्य म्हणजे एका हाताने उघडला पाहिजे. डाव्या.

"तू डावखुरा आहेस का?" मी म्हणाले.

"जरा तू धरून बघ," तो म्हणाला.

"मला काय करायचंय? मला नको तुझा चाकू!"

मग त्याने दुकानात कामाला असलेल्या एका मुलीला गाठलं. विशी-बाविशीची पोरगी, हातभर लांब रंगवलेली नखं. तिला म्हणाला, डाव्या हाताने उघडून दाखवशील का? तिने हसत हसत उघडायचा प्रयत्न केला, नख अडकलं, "आउच" म्हणाली. याने तो चाकू जागच्या जागी ठेवून दिला. "हा नाही चालणार." तिच्या हातात दुसरा दिला. तिथे मी म्हणणार होते, अरे, तुला कुठे नखं आहेत? पण तोवर त्याने पुढचं केलं होतं. तिसरा चाकू घेतला आणि भर दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, फरशीवर कुशीवर आडवा झाला. उजवा हात अंगाखाली, डोळे मिटलेले. डाव्या हाताने चाकू चाचपतोय. कप्पाळ माझं! लोक ट्रॉल्या वळवून चालले. एक म्हातारे गृहस्थ वाकून म्हणाले, "यू राइट, मेट?" हा डोळे न उघडता म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत, सगळं झकास.

मी ओळख नसल्यासारखी रंगाच्या डब्यांकडे जाऊन उभी राहिले. तिथे उभी राहून रागाने रडले, कारण तो का आडवा झाला ते त्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

२०११च्या फेब्रुवारीतला भूकंप. आम्हाला इथे येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मोरेश्वर इमारतींचे नकाशे काढतो, तेव्हा त्याचं ऑफिस शहराच्या मध्यभागी एका जुन्या इमारतीत होतं. जेवणाच्या सुट्टीआधी तो तळमजल्यावर, जुने नकाशे ठेवायच्या खोलीत गेला होता. अंगात आडवी अडकवलेली बॅग. जमीन हादरली आणि लोखंडी कपाटं कोसळली. नशीब बलवत्तर, ती एकमेकांना टेकून अडकली आणि हा मधल्या पोकळीत राहिला. एक हाड मोडलं नाही. पायाच्या बाजूला फट होती, तिच्यातून उजेड दिसत होता. सरपटत बाहेर आला असता. पण बॅग एका कपाटाखाली गेली होती, आणि तिचा पट्टा याच्या छातीवरून, उजव्या दंडावरून करकचून आवळला गेला होता. बक्कल पाठीमागे. डावा हात तेवढा मोकळा.

ती बॅगसुद्धा याने किती दिवस घालवून निवडली होती! दुकानात तिच्या पट्ट्याला अक्षरशः लोंबकळून बघितलं होतं या माणसाने. आधीच्या बॅगेचा पट्टा तुटून लॅपटॉप पडला होता, म्हणून हा कधीही तुटता कामा नये. नाहीच तुटला. त्याने किल्लीने घासला, दातांनी कुरतडला, दाताचा तुकडा पडला. जमीन पुन्हा हलली की वरची कपाटं करकरायची. उजेड समोर, आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्याने माणूस बांधलेला. दुपारपासून संध्याकाळपर्यंत. मी तोवर ऋचाला शाळेतून घेऊन मैदानात बसले होते आणि फोन लागत नव्हता.

शेवटी त्या फटीतून अग्निशमनवाली एक बाई सरपटत आत आली. हातात घडीचा चाकू, नारिंगी मुठीचा, पातं आकडीसारखं. "जोर लागलाच नाही गं," हा मला म्हणाला होता, "तिने नुसतं ओढलं." पट्टा तुटल्याबरोबर याने डाव्या हाताने तो चाकूच पकडला, आणि बाहेर काढलं तरी मूठ सोडली नाही. बाई म्हणाली, ठेव तुझ्याजवळ. त्या दिवसापासून तो चाकू याच्या डाव्या खिशात आहे.

आपलं माणूस धडधाकट घरी आलं, मी पेढे केले, ओळखीच्यांना वाटले. संकट टळलं असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

पण हळूहळू कळायला लागलं. लिफ्ट बंद. सिनेमा बंद. गाडीत मागच्या सीटवर बसणं बंद. डोंगरापलीकडच्या लिटल्टनला जायला बोगद्यातून पाच मिनिटं लागतात, आम्ही डोंगर चढून, गव्हर्नर्स बेवरून वळणं घेत घेत जातो आणि मी प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी धरून बसते. डॉक्टरांनी बोलण्यासाठी म्हणून एका बाईंकडे पाठवलं, तर त्या बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर! हा खालूनच परत आला. आंघोळीला जाताना चाकू साबणाच्या शेजारी. झोपताना उशीखाली. हॉर्नबीत बैठं घर घेतलं, प्रत्येक खोलीला बाहेर जायचं दार असलेलं. बरं, चिडका नाही, दारू नाही, कामात चोख. भांडणार तरी कशावरून? एका चाकूवरून? मी वर्षानुवर्षं त्या चाकूशी संसार करतेय आणि तक्रार करायला जागा नाही.

आणि विमान. विमानात खिशातला चाकू नेऊ देत नाहीत. बस, एवढंच. बाकी हा विमानालाही तयार होता.

सासूबाई २०१८मध्ये आजारी पडल्या आणि "मोरूला बोलवा" म्हणायला लागल्या. याने रजा घेतली, तिकिटं काढली. आम्ही विमानतळावर तपासणीच्या रांगेपर्यंत गेलो. याने ट्रेमध्ये पट्टा टाकला, फोन टाकला, किल्ल्या टाकल्या, बूट ठेवले. मग चाकू हातात घेऊन उभा. तिथली बाई प्रेमाने म्हणाली, "सॉरी लव्ह, हा इथे टाकावा लागेल," आणि कचऱ्याचा डबा दाखवला. म्हणाली, किंवा परत जाऊन मोठ्या बॅगेत घाला. हा डब्याकडे बघत राहिला. मागची रांग थांबली होती. मी म्हणाले, "मोरेश्वर, टाक ना रे, आई वाट बघतायत." त्याच्या कपाळावर घामाचे थेंब. मग त्याने बूट उचलले आणि नुसत्या मोज्यांवर चालत बाहेर गेला.

मी एकटी गेले. सासूबाई दरवाजाकडे बघत गेल्या. सगळ्यांनी विचारलं, मोरू का नाही आला? त्यानेच मला फोनवर सांगितलं होतं, "यातलं काही सांगू नकोस. हसतील." मग मी म्हणाले, रजा मिळाली नाही. पुढे कुठल्याही कार्याला तेच. कधी रजा, कधी ऑडिट, कधी गुडघा. कारणं शोधून काढायची नोकरी मला लागली.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. माझे सासरे चिंचवडला कारखान्यात टर्नर होते. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. पाने, कानस, पकड, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस त्यांनाही सुट्टी. मोरेश्वर वडिलांचं एवढं मात्र कटाक्षाने पाळतो. इथे झेंडूची बोंब, म्हणून शेजारच्या कोफायच्या झाडाची पिवळी फुलं आणतो. पाटावर त्याची मोजपट्टी, माझी कात्री, विळी, लॅपटॉप, आणि तो नारिंगी चाकू.

वर्षातला एवढाच दिवस तो चाकू खिशाबाहेर असतो. आणि त्या दिवशी मोरेश्वर रजा टाकून देवापुढे बसून राहतो. सकाळपासून. जेवण तिथेच. आमच्याकडे दर्शनाला येणारी विभावरी, माझी इथली मैत्रीण, दरवर्षी मला कोपऱ्यात घेऊन म्हणते, "किती भाविक गं तुझा नवरा! आमचा बघ, नमस्काराला सुद्धा उठत नाही." हळूहळू सगळ्या मराठी मंडळात झालं, मोरेश्वरराव म्हणजे मोठे देवभक्त. चिंचवडलाही पोचलं. मी काय बोलणार? तो देवाकडे बघतच नसतो हो. हातभर अंतरावरच्या त्या चाकूकडे बघत असतो.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मी नैवेद्याचं ताट घेऊन गेले आणि पाटावर पाहिलं तर चाकू दोन. जुना नारिंगी, आणि त्याच्या शेजारी कोरा पिवळा. त्याच्यावर हळदकुंकू, एक फूल.

मला इतका आनंद झाला! "अरे, मिळाला का शेवटी? सांगायचं नाही का? चला, सुटले बाई मी. आज संध्याकाळीच तिकीट काढू."

त्याने समईत तेल घातलं.

"पण मग जुना आता कशाला हवा? दोन दोन चाकू काय करायचेत?"

"पिवळा माझा नाही," तो म्हणाला. "ऋचाचा आहे. तू जाशील तेव्हा मोठ्या बॅगेत घालून ने. रुखवतात ठेव."

मी ताट हातात घेऊन तशीच उभी. एक एक गोष्ट डोक्यात यायला लागली. त्या पोरीची लांब नखं. "जरा तू धरून बघ." एवढे महिने हा माणूस आपल्या हाताचा नाही, मुलीच्या हाताचा चाकू शोधत होता. आणि जो बाप लग्नाला जाणार आहे, तो कशाला पाठवेल?

"अहो," मी म्हणाले.

त्याने मान खाली घातली.

"अहो, मुलीचं लग्न आहे. तुमच्या मुलीचं. आईंच्या वेळी मी तोंड शिवून गप्प बसले. आता मुलीच्या वेळीही नाही येणार? कन्यादान कोण करणार, मी एकटी? मंडपात लोक मला विचारतील तेव्हा काय सांगू, गुडघा दुखतोय?"

"सरला, मी प्रयत्न केला."

"कधी? कधी केलात प्रयत्न? दर शनिवारी नुसते चाकू बघत फिरत होतात!"

"निम्म्या शनिवारी दुकानात नव्हतो गेलो," तो म्हणाला. "विमानतळावर जायचो. चाकू गाडीत ठेवायचा आणि आत चालत जायचं. बघायचं, कुठपर्यंत जमतंय."

मी त्याच्या शेजारी खाली बसले. ताट कुठे ठेवलं तेही आठवत नाही.

"कुठपर्यंत गेलास?"

"ते कॉफीचं दुकान आहे ना, सरकत्या जिन्याच्या अलीकडे. तिथपर्यंत. एकदा कॉफीसुद्धा घेतली. मग परत धावत गाडीकडे."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही एकदम. मी म्हणाले, "आणि लेकीला चाकू देतात का कोणी? अरे, चाकू आपण हातातून हातात सुद्धा देत नाही, खाली ठेवतो आणि मग दुसऱ्याने उचलायचा. लोक पैठणी देतात, चांदीचं ताट देतात."

"ते सगळं तू दे. मी तिथे असताना मला एकच वाटत होतं, की ऋचाला आणायला कोण गेलं असेल. आता ती तिच्या घरी जाणार. मी जवळ असणार नाही. हा असू दे तिच्याजवळ." मग थोडं थांबून म्हणाला, "नखं असली तरी उघडतो. मी त्या मुलीकडून तीनदा उघडून घेतला."

तेवढ्यात दाराबाहेर चपला वाजल्या. विभावरी आली, दार ढकलून आत डोकावली, आम्हा दोघांना देवापुढे मुक्याने बसलेलं बघून हात जोडले आणि पाऊल न वाजवता बाहेर गेली.

डिसेंबरात मी गेले. मोरेश्वरने विमानतळावर सोडलं, बॅगा उतरवल्या, ट्रॉली ढकलत आत आला. कॉफीच्या दुकानापर्यंत. तिथे थांबून म्हणाला, "पोचलीस की फोन कर." मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मीही गेले नसते.

या वेळी चिंचवडला कारण होतं, गुडघ्याचं ऑपरेशन. माझे दीर, सुरेखावहिनींचे यजमान चंद्रशेखरदादा, 'बरं' म्हणून हॉलच्या कामाला लागले. पण सुरेखावहिनींनी लग्नघरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "गुडघा काय मेला! लेकीच्या लग्नाला बाप कुबड्यांवर येतो."

मुहूर्त सकाळचा होता. हॉलच्या एका बाजूला रुखवत मांडलं होतं, करंज्या, अनारसे, सुपारीची बैलगाडी, विणलेले रुमाल. मी तो पिवळा चाकू बरोब्बर मधोमध ठेवला, खाली रेशमी खण. सुरेखावहिनी आल्या आणि थबकल्या.

"अगं बाई! सरला, हे काय? रुखवतात चाकू? नाती तुटतात अशाने!" त्यांनी तो उचलून बैलगाडीच्या मागे सारला. मी पुन्हा मधे ठेवला. त्यांनी पुन्हा उचलला. "शोभतं का हे? कोणी दिलाय हा?"

"ऋचाच्या बाबांनी."

तेवढ्यात क्षितिजच्या मित्राने मोठ्या फोनवर मोरेश्वरला व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळ, पण अजून लख्ख ऊन. मोरेश्वर आमच्या देवघरापुढे बसलेला, सोवळं नेसून, डोक्याला टोपी, कपाळाला गंध. त्याच्यापुढे पाट, पाटावर तो नारिंगी चाकू, हळदकुंकू वाहिलेला. खंडेनवमी होऊन किती दिवस झाले होते. तरी त्याने आज तो खिशातून काढून देवापुढे ठेवला होता. मला कळलं. त्याला आज जेवढं जमण्यासारखं होतं तेवढं त्याने केलं होतं.

बाकीच्यांना काय कळणार? फोनभोवती घोळका झाला. कोणीतरी म्हणालं, "तिकडे बसूनसुद्धा व्रत करतायत बघा." सुरेखावहिनींचा सूर एकदम मवाळ झाला. हातात पिवळा चाकू तसाच. "मोरूभाऊजी पहिल्यापासूनच भाविक. देवाची ओढच अशी असते, माणूस संसारात नसतो."

तिथे माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी ऐकून घेतलं, आता नाही.

"देवाची ओढ नाही, वहिनी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, चढू दे. "ते अडकलेत. भूकंपात अडकले ते अजून निघालेले नाहीत. खिशात चाकू नसला की त्यांचा जीव घुसमटतो, आणि विमानात चाकू नेऊ देत नाहीत. म्हणून ते येत नाहीत. गुडघा ठणठणीत आहे. आईंच्या वेळी रजासुद्धा मिळाली होती. विमानतळावरून मोज्यांवर परत गेले."

घोळका मागे सरला. सनईची टेप तेवढी चालू. फोनवर मोरेश्वर बसलेला, त्याला हे ऐकू गेलं होतं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

चंद्रशेखरदादा जवळच्या खुर्चीवर बसले. त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "सरला, हे तेव्हा का नाही सांगितलंस गं? आई म्हणायची, मोरूला नोकरी माझ्यापेक्षा मोठी झाली. शेवटी शेवटी त्याचं नाव काढायची नाही. रुसून गेली ती."

मी तेव्हा तिथेच होते, तरी हे मला कळलं नव्हतं; दाराकडे बघतायत म्हणजे वाट बघतायत, असंच मी धरून चालले होते. मोरेश्वरला तर नव्हतंच. मी फोनकडे बघायचं धाडस केलं नाही. फोनमधून फक्त एवढंच आलं, "दादा, हसाल असं वाटलं रे."

"हसतोय मी?" दादा म्हणाले, आणि उपरण्यात तोंड घालून रडायला लागले.

सुरेखावहिनींनी पिवळा चाकू उलटसुलट करून पाहिला. मग तो खणावर मधोमध ठेवला, शेजारच्या करंड्यातलं हळदकुंकू बोटावर घेतलं आणि त्याच्या मुठीला लावलं. माझ्याकडे बघितलं नाही.

गर्दीतून वाट काढत ऋचा आली. हिरवा चुडा, मुंडावळ्या, नखांना लाल रंग. तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे, की तिला सगळं आधीपासूनच ठाऊक होतं. मी नाही सांगितलं. ही मुलगी आमचं मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते, शाळेत जायला लागल्यापासून. तिने खणावरचा चाकू डाव्या हाताने उचलला, फोनसमोर धरला आणि अंगठ्याने खट्‌दिशी उघडला. बांगड्या वाजल्या.

"बाबा, बघ."

मोरेश्वर पुढे झुकला. पडद्यावर नुसता त्याचा डोळा आणि कपाळावरचं गंध दिसायला लागलं. "खिटी बसली का नीट? नख नाही ना अडकलं?"

"नाही अडकलं, बाबा," ती म्हणाली.

गुरुजींनी वेळ होत असल्याची आठवण करून दिली. चंद्रशेखरदादा डोळे पुसून उठले, आणि ते आणि सुरेखावहिनी कन्यादानाला पाटावर बसले. मी त्यांच्या शेजारी फोन धरून उभी राहिले.